चांदोमामा आणि मावशी

चंद्र हा आपला मामा आहे, हे मराठी माणसाला बोलता येण्याच्या आधीच कळलेले असते. पुढे तो शाळेत जातो, चंद्र हा पृथ्वीचा उपग्रह असून तिच्यापासून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे असे पाठ करतो, आणि मामाचे नाते हळूहळू विसरून जातो. १९६९ साली परमुलखातली माणसे मामाच्या घरी जाऊन आली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपले चांद्रयानही तिथे अलगद उतरले. घरोघर टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले. माझी धाकटी मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. तिने एवढेच विचारले, “मामा घरी होता का?” आम्ही सगळे हसलो. पण नाते मानायचे तर पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, नाही का?

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यामुळे शब्दांच्या शेपट्या धरून बसण्याची मला खोडच जडली आहे. खंडोबा, विठोबा, म्हसोबा ही आपल्या देवांची नावे. देवांना लावलेला तोच ‘ओबा’ लावून आपण वाघाचा वाघोबा केला, नागाचा नागोबा केला, कोल्ह्याचा कोल्होबा केला आणि चंद्राचा चांदोबा. ज्याच्यापासून कोंबड्या राखायच्या त्यालाही हाक मारताना ‘बा’ म्हणायचे, ही मराठीची रीत! मांजर ही वाघाची मावशी, उंदीर मामा, चिमणी ताई आणि कृष्णा नदी ती कृष्णामाई. आपल्या बाळाला भाषा शिकवताना आपण त्याला वस्तूंची नावे शिकवत नाही, नाती शिकवतो. नावे मागाहून येतात.

सारी सृष्टी एका सूत्रात ओवलेली आहे, असा एक विचार आपल्याकडे फार जुना आहे. पण त्याला आमच्या घरात कोणी विचार म्हणत नाही. तो आमच्या आईच्या हातात असतो. आई वाईहून आमच्याकडे राहायला आली त्याला आता सात वर्षे झाली. नातीला भरवताना ती एक घास काऊच्या नावाने भरवते, एक चिऊच्या, एक माऊच्या. सणावाराला पाने वाढण्याआधी एक पान गायीसाठी बाजूला निघते. पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करायचा, दिवेलागणीनंतर तुळशीची पाने खुडायची नाहीत, कारण ती झोपलेली असते. नागपंचमीला जमीन खणायची नाही, भाजी चिरायची नाही. घटस्थापनेला मातीत धान्य पेरायचे आणि नऊ दिवस रोज वाकून बघायचे, आज कोंब केवढा झाला! यातले एकही वाक्य आईने मूल्यशिक्षण म्हणून उच्चारलेले नाही. तिला तो शब्दच ठाऊक नाही.

मुलांना तरी हे पटते कसे? स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९२६ साली लहान मुलांच्या जगाविषयीच्या कल्पनांवर एक पुस्तक लिहिले. मुलांना ते साधे साधे प्रश्न विचारीत. सूर्याला कळते का? वाऱ्याला लागते का? चंद्र तुझ्याबरोबर का चालतो? बहुतेक चिमुरड्यांच्या लेखी सूर्य, वारा, ढग, नदी सगळे जिवंत असते आणि सगळ्यांना त्यांची दखल असते. वय वाढते तशी ही समजूत गळून पडते, असे पियाजेंचे निरीक्षण. ते खरेच आहे. पण समजूत गळून पडताना तिच्याबरोबर जिव्हाळाही गळून पडावा, असे कुठल्या शास्त्राने सांगितले आहे? तुळस रात्री झोपत नाही हे मुलाला सहाव्या वर्षी कळले तरी चालेल. तिला उगाच ओरबाडू नये हे त्याला चौथ्या वर्षी कळलेले असावे.

हल्ली या गोष्टी सरकारी कागदांतही आल्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही पाच वर्षे शिक्षणाचा पाया म्हणून धरली, आणि २०२२ मध्ये या पायाभूत स्तराचा जो आराखडा निघाला, त्यात तैत्तिरीय उपनिषदातले पंचकोश आले. अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय आणि आनंदमय असे हे पाच कोश. शरीर, श्वास, मन, बुद्धी आणि आनंद हे सुटे सुटे न वाढवता एकमेकांत वाढू द्यावेत, असा त्याचा भावार्थ. वाचून मला बरे वाटले. हे आपलेच आहे आणि जगाला ठाऊक नव्हते असा आव मात्र आणू नये. जर्मनीत १८३७ साली ज्या फ्रोबेलने पहिले बालोद्यान काढले, तोही सृष्टीच्या एकत्वाचीच भाषा बोलत होता. त्याच्या बागेत प्रत्येक मुलाचा एक छोटा वाफा असे आणि सगळ्यांचा मिळून एक सामाईक वाफाही असे. मारिया माँटेसोरी १९३९ साली मद्रासजवळच्या अड्यारला आल्या, महायुद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या, आणि विश्वातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कोणासाठी तरी राबत असते हा त्यांचा विचार कोडाईकनालच्या मुक्कामात मोठा झाला. तेव्हा विचार थोर आहे, याबद्दल वाद नाही. प्रश्न आहे तो चार वर्षांच्या मुलाच्या हाती तो कसा द्यायचा, हा.

एक पद्धत मी डोळ्यांनी पाहिली. मुलीसाठी शाळा शोधण्याचे ते दिवस होते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने आम्हाला त्यांच्या मुलाच्या शिशुशाळेच्या स्नेहसंमेलनाला नेले. शाळा नामांकित, फीचा आकडा ऐकून माझ्या पत्नीने, जी बँकेत आहे, तो मला पुन्हा एकदा अक्षरी सांगितला. रंगमंचावर निळा झगा घातलेली एक पृथ्वी उभी होती. तिच्याभोवती झाडे, ढग, मोर, मासे. मग सगळ्यांनी मिळून, अवघी वसुधा हेच कुटुंब असे सांगणारे ते प्रसिद्ध संस्कृत वचन तालासुरात म्हटले. पृथ्वीला झगा टोचत असावा, कारण ती सारखी पाठ खाजवत होती. पालकांनी फोन उंच धरले. कार्यक्रम गोड झाला. बाहेर पडताना फाटकावरची पाटी दिसली: ‘मुलांना सांभाळणाऱ्या बायका व चालक यांनी फाटकाबाहेर थांबावे.’ त्या बायका खरोखरच बाहेर उभ्या होत्या. डिसेंबरची थंडी होती. वसुधेचे कुटुंब फाटकाच्या आत मावले होते, आणि ते सांभाळणारी माणसे बाहेर उरली होती.

त्या वचनाची एक गंमत मी वर्गात नेहमी सांगतो. महोपनिषदात ते आहेच, पण हितोपदेशातही आहे, आणि तिथे ते कोण म्हणतो? एक कोल्हा! त्याला हरणाचे मांस खायचे असते, म्हणून तो मैत्री करायला येतो. हरणाचा जुना मित्र कावळा सावध करतो की अनोळख्याशी सलगी बरी नव्हे. तेव्हा कोल्होबा मोठ्या मनाचा आव आणून म्हणतो की आपला-परका हा भेद कोत्या मनाची माणसे करतात, उदारांना सारी पृथ्वी कुटुंबच. पुढे हेच महाशय हरणाला जाळ्यात अडकवतात. हितोपदेशाच्या कर्त्याने वचन खोटे ठरवले नाही. ते कोणाच्या तोंडी आहे आणि बोलणारा पुढे काय करतो, ते पाहा एवढेच सुचवले. लहान मुले नेमके हेच करतात. ती आपले वचन ऐकत नाहीत, वागणे पाहतात.

आणि आमच्या घरात पाहण्यासारखे काही होते. आमच्याकडे धुणीभांडी करायला ज्या बाई येतात त्यांना घरात सगळे मावशी म्हणतात. आई म्हणते, मी म्हणतो, मुलेही म्हणतात. तुमच्याकडेही बहुधा हाच शब्द असेल. मराठी शहरांतल्या लाखो घरांत रोज सकाळी एक मावशी येते. चंद्राला मामा म्हणणाऱ्या भाषेला हे शोभणारेच आहे. पण या मावशींचा चहाचा कप वेगळा असे. कान तुटलेला, निळ्या फुलांचा तो कप मोरीच्या खिडकीत ठेवलेला असायचा. ही आईची व्यवस्था. मी आणि पत्नीने यावरून आईशी दोनदा वाद घातला. आई म्हणे, “मी त्यांना काही कमी करते का? दिवाळीला साडी देते, आजारी पडल्या तर औषध देते. कपाने काय होते?” आणि हेही खरे होते. मावशींच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू आईनेच स्वतः वळून दिले होते. माणसाच्या मनात अशी खोल्यांची रचना असते. माया एका खोलीत, कप दुसऱ्या खोलीत, आणि मधले दार वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही.

मावशींची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची. मागच्या वस्तीतल्या अंगणवाडीत जाते. सुट्टीच्या दिवशी आईबरोबर येते, आणि मग दोघी खाली गाड्या लावायच्या जागेत खडे, झाकणे आणि गुलमोहोराच्या शेंगा घेऊन संसार मांडतात. एके दिवशी माझ्या मुलीने आजीला विचारले, “मावशी म्हणजे आईची बहीण ना?” आजी म्हणाली, “हो.” “मग तिचा कप खिडकीत का?” आई जपाची माळ घेऊन बसली होती. तिने माळ पुढे ओढली, पण उत्तर दिले नाही. मीही मध्ये पडलो नाही. असे प्रश्न विचारण्याचा अधिकार चार वर्षांच्या माणसालाच असतो. आम्ही विचारले की त्याचा वाद होतो.

त्याच सुमारास मला दुसरी एक गोष्ट खटकू लागली. मराठी मूल जी पहिली गोष्ट ऐकते ती कोणती? चिऊताईची आणि कावळ्याची. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, भिजलेला कावळा चिमणीच्या दारात येतो, आणि ती आत बसून एकेक सबब सांगत राहते. बाळाची आंघोळ, बाळाची तीट, बाळाची झोप. पिढ्यान्‌पिढ्या आपण ही गोष्ट सांगून मुलांना झोपवत आलो. ज्या ओठांनी चिमणीला ताई आणि कावळ्याला दादा म्हणायचे, त्याच ओठांनी हेही सांगायचे की ताईने दादाला दार उघडले नाही. आपल्या परंपरेचे सारे गुणदोष मला या एका गोष्टीत दिसतात. नाती आपण साऱ्या चराचराशी जोडली. दार मात्र मोजून उघडले. गायीला पहिला घास आणि माणसाला वेगळा पेला, असे आपल्याकडे शेकडो वर्षे एकाच घरात सुखाने नांदले. म्हणून ‘आपली प्राचीन मूल्ये बालशाळेत आणा’ असे कोणी म्हटले की मला आधी विचारावेसे वाटते: कावळ्याला घास देणारा तो हात आणायचा, की दाराची ती कडी?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात ऐंशी वर्षांपूर्वी दोन बायकांनी देऊन ठेवले आहे. ताराबाई मोडक या मूळच्या मुंबईच्या. भावनगरला वकिली सोडून बालशिक्षणात पडलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर काढले होते; ताराबाई तिथे गेल्या आणि दोघांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. माँटेसोरीची साधने महाग, ती शहरातल्या श्रीमंत मुलांपुरतीच राहणार, हे ताराबाईंनी ओळखले. १९४५ साली त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी आल्या. त्यांना येऊन मिळाल्या अनुताई वाघ, एक बालविधवा, हिमतीने शिकून शिक्षिका झालेल्या. शिंपले, बिया, पाने, काड्या, माती ही त्यांची साधने. बालवाडी सुरू झाली. पण तेव्हाच्या भाषेत ज्याला हरिजनवाडा म्हणत, तिथली मुले काही बालवाडीत येईनात. का येईनात हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. तेव्हा या बायकांनी भाषण केले नाही. त्या आपले सामान उचलून वस्तीत गेल्या आणि तिथल्या अंगणात बसल्या. मुलांना न्हाऊ घातले, नखे कापली, गाणी म्हटली, खेळ मांडला. अंगणात भरते ती अंगणवाडी!

पुढे १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेले, वारली मुलांत. ही मुले गुरे राखायला रानात जायची, म्हणून शाळाही त्यांच्यामागे कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. शाळेने मुलाच्या मागे गुराख्यासारखे हिंडायचे, ही कल्पना आजही मला थक्क करते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा मराठी अंगणातला शब्द देशभर गेला. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत.

अंगण या शब्दावर जरा थांबू या. अंगण घरात नसते आणि घराबाहेरही नसते. तिथे तुळस असते, रांगोळी असते, वाळवण असते, चिमण्या येतात. सृष्टी आणि संसार यांची गाठ तिथे पडते. पण जुन्या काळी काही माणसांना अंगणापर्यंतच येता येई, पुढे नाही. आणि काहींना तर अंगणातही नाही. म्हणजे ज्या जागी सारे एकत्र यावे तीच जागा काहींच्या वाट्याला कुंपण म्हणून आली होती. ताराबाई आणि अनुताई यांनी कुंपणाची बाजू बदलली. ‘तुम्ही आमच्या अंगणात या’ असे त्या म्हणाल्या नाहीत. त्या स्वतः पलीकडच्या अंगणात जाऊन मांडी घालून बसल्या. आपल्या प्राचीन एकात्मतेचे बालशिक्षणात रूपांतर झाल्याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

मागच्या पावसाळ्यात मावशींच्या मुलीच्या आधार कार्डाचे काही काम अडले होते, म्हणून मी त्यांच्याबरोबर वस्तीतल्या अंगणवाडीत गेलो. एक खोली, पत्र्याचे छप्पर, एका कोपऱ्यात गळतीखाली ठेवलेली बादली. वीसेक मुले. ताई एका हाताने मुलांची वजने मोबाइलवर भरत होत्या आणि दुसऱ्या हाताने एका रडक्याचे नाक पुसत होत्या. कोणी गरिबीचे कौतुक करू नये. त्या छपराची डागडुजी व्हायला हवी आणि ताईंच्या डोक्यावरचा नोंदींचा भार कमी व्हायला हवा. पण मी जे पाहिले ते सांगतो. चिंचोके मोजून झाले. मग खिचडी आली. सगळ्यांच्या ताटल्या भरेपर्यंत कोणी घास उचलायचा नाही, असा तिथला रिवाज. मावशींच्या मुलीने मला ओळखले, आपली ताटली उचलली आणि माझ्यापुढे धरली. “काका, घे.” मी त्यातला घासभर खाल्ला. मीठ बेताचे होते.

तैत्तिरीय उपनिषदातले पाच कोश मी पुष्कळदा शिकवले आहेत, पण त्यांची सुरुवात अन्नापासून होते याचा अर्थ मला त्या खिचडीपाशी लागला. त्याच उपनिषदातल्या भृगूला बापाने ब्रह्म शोधायला सांगितले, तर तपाअंती त्याला पहिल्यांदा अन्नच ब्रह्म म्हणून दिसले. प्राण, मन, विज्ञान, आनंद ही मागाहूनची मजल. आणि शेवटी त्याला जी व्रते सांगितली आहेत त्यांत अन्नाची निंदा करू नये हे आहे, अन्न टाकू नये हे आहे, आणि आपल्या दाराशी आलेल्या कोणालाही परत पाठवू नये हेही आहे. ऋषींनी कडी काढायलाच सांगितली होती. ती पुन्हा घातली ती आपण.

तेव्हा बालशाळेत काय आणावे, असे मला कोणी विचारलेच तर मी पृथ्वीचा झगा आणा असे म्हणणार नाही. एका कुंडीत मेथी पेरा. चार दिवसांत ती उगवते आणि महिन्याभरात तिचे थालीपीठ होते. देठे आणि साली पुन्हा मातीत जातात, आणि मुलाला जगाचे चक्र एकदा पूर्ण फिरलेले दिसते. वर्ग झाडणाऱ्या बाईंना मुले मावशी म्हणत असतील, तर डबा खाताना त्यांनाही सतरंजीवर बसवा. फाटकाबाहेर थांबणाऱ्यांसाठी आत एक बाक टाका. आठवड्यातून एकदा शेजारच्या अंगणवाडीची मुले आणि तुमची मुले एकाच मैदानात सोडा. खेळ त्यांचे ती शोधतील. यात खर्च फारसा नाही. अडचण आहे ती आपल्या मनाची, आणि म्हणूनच हे नीळ घातलेल्या झग्यापेक्षा अवघड आहे.

आम्ही मुलीला शेवटी जवळच्या एका साध्या मराठी बालवाडीत घातले. मावशींच्या मुलीची अंगणवाडी निराळीच राहिली, आणि ‘ती माझ्या शाळेत का नाही?’ या प्रश्नाला मी अजून पुरते उत्तर देऊ शकलेलो नाही. गेल्या दिवाळीत मात्र दोघींनी मिळून खाली किल्ला केला. माती वस्तीतून आली, पोते आमच्याकडचे. तटावर पेरलेले हळीव तिसऱ्या दिवशी हिरवे झाले, तेव्हा दोघी ते पाहायला पहाटे अंघोळीच्या आधीच पळाल्या.

आणि कप? तो एके दिवशी खिडकीतून दिसेनासा झाला. कोणी काढला हे मी विचारले नाही. आई आता मावशींना घरातल्याच कपात चहा देते. त्यांच्यासमोर बसून ती स्वतः अजून पीत नाही. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाने एवढे केले हे मला पुष्कळ वाटते; मावशींनाही ते पुष्कळ वाटावे, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण परवा रात्री आतल्या खोलीतून चिऊताईची गोष्ट ऐकू येत होती. पाऊस आला, शेणाचे घर वाहून गेले, कावळा दाराशी आला. पुढच्या सबबींची मी वाट पाहत होतो. आईने त्या सांगितल्याच नाहीत. चिऊताईने दार उघडले, कावळ्याला पुसायला पंचा दिला, आणि मग दोघांनी गरम गरम भात खाल्ला. मुलीने विचारले, “कोणाच्या ताटात?”

आई जरा थांबली. मग म्हणाली, “एकाच.”